हमीदचं पुढे काय झालं?

बेन्यामिन यांच्या ‘आडुजीवितम’ या मल्याळम कादंबरीत हमीद नावाचा एक माणूस आहे. कादंबरी वाचलेल्या दोनतीन मित्रांना मी त्याच्याबद्दल विचारलं, तर सगळे हकीमबद्दल बोलायला लागले. हकीम लक्षात राहतो. तो वाळवंटात तहानेने तडफडून मरतो आणि ती पानं वाचताना आपल्याही घशाला कोरड पडते. हमीद मरत नाही. त्याचा मालक येतो आणि त्याला घेऊन जातो. त्यानंतर कादंबरी त्याला विसरते आणि तिच्यामागोमाग वाचकही.

मी ही कादंबरी जोसेफ कोयिपल्ली यांच्या इंग्रजी अनुवादातून, ‘गोट डेज’ या नावाने, दोनदा वाचली. पहिल्यांदा नजीबसाठी वाचली. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा हमीदच्या पानांवर अडकलो, ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. केरळातला नजीब नदीतून वाळू काढायचं काम करतो. बायको, सैनू, गरोदर आहे. ओळखीच्या ओळखीतून सौदीचा व्हिसा मिळतो आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नजीब आणि त्याच्याहून लहान असलेला हकीम मुंबईमार्गे रियाधला पोचतात. (मुंबई इथे फक्त थांबा आहे. गाडीतून उतरायचं, काही दिवस कुठेतरी अंग टाकायचं आणि विमान धरायचं. केरळातल्या एका पिढीसाठी आपलं हे शहर म्हणजे एक मोठी वेटिंग रूम होती, हे मुंबईवरच्या मराठी लिखाणात फारसं येत नाही.) विमानतळावर घ्यायला कुणी येत नाही. शेवटी एक अरब येतो, पासपोर्ट बघतो आणि दोघांना पिकअपच्या मागे बसवून वाळवंटात नेतो. पुढची तीन वर्षं आणि वर काही महिने नजीब शेळ्या-मेंढ्या आणि उंट राखतो. पगार नाही, आंघोळ नाही, माणसाशी बोलणं नाही. कादंबरी २००८मध्ये आली, २००९चा केरळ साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, आणि मल्याळममध्ये तिच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. ती एका खऱ्या माणसाच्या अनुभवावर बेतलेली आहे, हे लेखकाने पहिल्यापासून सांगितलं आहे.

वाळवंटाच्या भागाचं कौतुक सगळ्यांनी केलंय आणि ते रास्त आहे. पहिल्याच सकाळी शौचाला पाणी वापरलं म्हणून नजीबला मार बसतो. पाणी शेळ्यांसाठी आहे, माणसाच्या ढुंगणासाठी नाही! नदीत जन्म घालवलेल्या माणसाला हे ऐकावं लागतं. घरून आणलेलं लोणचं तो खुबूसबरोबर पुरवून पुरवून खातो. शेळ्यांना गावातल्या माणसांची नावं देतो. एका करडाला तर स्वतःच्या होणाऱ्या मुलासाठी ठरवलेलं नाव देतो, नबील, आणि अरबाब त्या नबीलचं खच्चीकरण करतो. आधीपासून तिथे राबणारा, केस-दाढी वाढलेला एक माणूस एक दिवस दिसेनासा होतो आणि पुढे केव्हातरी वाळूतून वर आलेला एक हात दिसतो. हे सगळं बेन्यामिन जोरात ओरडून सांगत नाहीत. नजीबला पोचवायचं तिथे पोचवतात आणि बाजूला होतात.

पण नजीब या सगळ्याला परीक्षा समजतो. अल्लाहने घेतलेली. सुटकेच्या वाटेवर भेटणारा इब्राहिम खादिरी तर जवळजवळ पैगंबरासारखा उगवतो आणि तसाच नाहीसा होतो. नजीबच्या श्रद्धेबद्दल माझी काही तक्रार नाही, त्या वाळवंटात मीही तेच केलं असतं. माझी तक्रार वाचक म्हणून आपल्याला त्यातून मिळणाऱ्या सोयीबद्दल आहे. परीक्षा म्हटलं की परीक्षार्थी एकटा होतो. समोर एक क्रूर अरब, वर एक दयाळू ईश्वर आणि मधे नजीब. आपण रडतो, पुस्तक मिटतो आणि म्हणतो की नशीब वाईट, भलत्या माणसाच्या हाती सापडला. आणि हे खरंही आहे, कारण नजीबचं सरळसरळ अपहरण झालेलं असतं. तो ज्याच्या व्हिसावर आला तो हा माणूसच नव्हे.

हे आपल्याला कळतं ते तुरुंगात. कादंबरी सुरू तिथेच होते, बाथा या भागातल्या पोलीस ठाण्यापाशी. नजीब आणि हमीद स्वतःहून पकडले जायच्या खटपटीत आहेत आणि पोलीस काही पकडत नाहीत. हा प्रसंग विनोदी आहे आणि मुद्दाम तसा लिहिलाय. पकडलं की तुरुंग आणि तुरुंगानंतर मायदेशाची हद्दपारी, म्हणजे फुकटचं विमान, असा त्यांचा हिशेब. तुरुंगात आठवड्यातून एकदा ओळखपरेड होते. कैदी रांगेत उभे राहतात, अरब मालक येतात, रांगेवरून नजर फिरवतात आणि आपला पळालेला माणूस ओळखतात. हमीदचा मालक येतो, त्याला मारतो, ओढत घेऊन जातो. हमीद रडतो, भीक मागतो. पोलीस बघत राहतात. त्यात बेकायदेशीर काही घडत नसतं.

पुढे एका परेडला नजीबचा अरबाब येतो. नजीबची भीतीने गाळण उडते. अरबाब त्याच्याजवळ येतो, त्याला ओळखतो आणि तसाच पुढे निघून जातो. का, ते नंतर कळतं. हा माझ्या व्हिसावरचा नाही, असता तर फरफटत नेला असता, असं तो पोलिसांना सांगून गेलेला असतो.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा. हमीदचे कागद बरोबर होते, म्हणून तो परत गेला. नजीबचे चुकीचे होते, म्हणून तो सुटला. तीन वर्षं ज्याने गुरासारखं राबवलं त्या माणसाला कायद्याची एवढी बूज आहे की दुसऱ्याच्या व्हिसावरचा माणूस तो नेत नाही. माझ्या मते अख्ख्या कादंबरीतली सगळ्यांत भयंकर जागा ही आहे. त्यापुढे वाळवंट सौम्य वाटतं. आणि बेन्यामिन तिच्यावरून फार लवकर पुढे जातात. नजीबला पुन्हा एकदा ईश्वरी कृपा दिसते आणि कादंबरी विमानाकडे वळते. हमीदबरोबर जायला तिला वेळ नाही.

या व्यवस्थेला कफाला म्हणतात. कामगाराचा त्या देशातला मुक्काम एका मालकाच्या, म्हणजे कफीलच्या, नावाशी बांधलेला असतो. जुन्या सौदी पद्धतीत त्याच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येत नसे आणि देशही सोडता येत नसे. कामगार निघून गेला तर मालकाने ‘हुरूब’, म्हणजे फरार, अशी नोंद करायची. त्या नोंदीनंतर पगार थकला होता का, मारहाण झाली होती का, हे मागे पडतं आणि तो माणूसच बेकायदेशीर ठरतो. सौदी अरेबियाने मार्च २०२१पासून यात सुधारणा लागू केल्या. खासगी क्षेत्रातल्या कामगाराला काही अटींवर नोकरी बदलण्याची आणि देशाबाहेर जाण्याची मुभा मिळाली. त्या सुधारणांतून जी कामं वगळली त्यांत घरकामगार होते, घरगुती ड्रायव्हर होते, माळी आणि शेतमजूर होते. आणि मेंढपाळ होते. कादंबरी येऊन तोवर १३ वर्षं झाली होती.

आता माझ्या अडकण्याबद्दल. मी इंजिनिअर आहे, पुण्यात बसून परदेशी कंपन्यांची सॉफ्टवेअर लिहितो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एका आखाती बांधकाम कंत्राटदाराच्या मनुष्यबळ प्रणालीतलं एक मॉड्यूल आलं. कामगारांचं मुख्य टेबल: कामगार क्रमांक, पासपोर्ट क्रमांक, देश, कॅम्प, खोली, स्पॉन्सर क्रमांक, स्टेटस. स्पॉन्सर क्रमांकाचा रकाना ‘नॉट नल’ होता, म्हणजे तो भरल्याशिवाय नोंद जतनच होत नाही. नावाचा दुसरा भाग रिकामा चालायचा, कारण अनेकांना आडनावच नसतं. स्पॉन्सर रिकामा चालायचा नाही. स्टेटसच्या ड्रॉपडाऊनमध्ये चालू, रजेवर, करार संपला आणि ‘अ‍ॅब्स्काँडेड’ असे पर्याय होते. टेस्टिंग करणाऱ्या सहकारी मुलीने विचारलं की स्टेटस अ‍ॅब्स्काँडेड झाल्यावर त्या महिन्याच्या पगाराचं काय करायचं? मी क्लायंटला मेल टाकला. उत्तर एका ओळीत आलं, पगार रोखा. मी तशी अट लिहिली. दहा मिनिटांचं काम होतं. तेव्हा मला हुरूब हा शब्द माहीत नव्हता.

हे मी छाती पिटण्यासाठी सांगत नाही. त्याच प्रणालीत पगार बँकेतूनच गेला पाहिजे, अशी तरतूद होती. अमिरातींनी २००९पासून ‘वेज प्रोटेक्शन सिस्टिम’ आणली ती याचसाठी आणि तिची फाइल तयार करणारा कोडही आमच्याच टीमने लिहिला. म्हणजे कामगाराचा पगार सुरक्षित करणारा आणि रोखणारा कोड एकाच फोल्डरमध्ये होता. पण दुसऱ्यांदा कादंबरी वाचताना ओळखपरेडची रांग आली आणि मला ते टेबल दिसलं. अरबाब जे बघत होता तो माझा नॉट नल रकाना होता. नजीबच्या नोंदीत त्या अरबाबचा क्रमांक नव्हता, एवढंच.

म्हणून वाळवंटावर खिळलेलं वाचन मला पुरत नाही. आणि ब्लेसी यांचा २०२४च्या मार्चमध्ये आलेला चित्रपट तर वाळवंटावरच खिळलेला आहे. तो वाईट नाही. वाळूचा प्रचंड पसारा आणि त्यात ठिपक्याएवढा माणूस, हे पडद्यावर जे करतं ते गद्याला जमणं कठीण. पण जवळजवळ तीन तासांत तुरुंगाचा भाग भराभर उरकला जातो. चित्रपटाच्या आधी आणि नंतरही चर्चा कशाची झाली? पृथ्वीराज सुकुमारनने किती किलो वजन उतरवलं याची. नजीब पाण्याखाली उघडा उभा राहतो त्या दृश्यात बरगड्या दिसतात त्या नटाच्या आहेत, हे आपण एक क्षणही विसरत नाही. मेहनत दिसते, ती नटाची. ज्याची दिसायला हवी होती त्याची पुन्हा झाकली जाते. आणखी एक गंमत, म्हटलं तर. २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हे पथक जॉर्डनमधल्या वादी रमच्या वाळवंटात अडकून पडलं होतं. त्यांची बातमी झाली, विनंत्या झाल्या, आणि मे महिन्यात विशेष विमानाने ते कोचीला पोचले. तसं व्हायलाच हवं होतं. पण त्याच वसंतात आखातातल्या कॅम्पांमध्ये काम बंद पडून बसलेल्यांना आपला नंबर कधी लागणार, हे विचारत बसावं लागलं.

मग हमीदचं कुणी लिहिलंय का? मला वाटतं, दीपक उण्णीकृष्णन यांनी लिहिलंय, नाव न घेता. त्यांचं ‘टेम्पररी पीपल’ हे इंग्रजी पुस्तक २०१७मध्ये आलं. उण्णीकृष्णन अबुधाबीत वाढले. म्हणजे जिथे लहानाचे मोठे झाले त्या शहरावर त्यांचा कायमचा हक्क कधीच नव्हता. आईवडिलांचा व्हिसा संपला की बालपणाचा पत्ताही संपतो. पुस्तक कथांचं आहे की कादंबरी आहे, हे ठरवायच्या भानगडीत मी पडत नाही. प्रकरणांना तो ‘चॅब्टर’ म्हणतो, अरबी जिभेवर ‘प’चा ‘ब’ होतो म्हणून. इंग्रजी, मल्याळम, अरबी सगळं एकमेकांत सांडलेलं.

त्यात अ‍ॅना व्हर्गीस नावाची एक बाई आहे. अबुधाबीत रात्री बांधकामांच्या जागी फिरून ती इमारतींवरून पडलेल्या मजुरांना शोधते आणि त्यांचे तुटलेले अवयव टेपने, डिंकाने जोडून देते. पडलेली माणसं तिथे मरत नाहीत, नुसती मोडतात. दुरुस्त करून पुन्हा कामाला लावता येतात. दुसरी एक कथा अगदी आखूड आहे. तीन मजूर. एक पासपोर्ट गिळतो आणि पासपोर्ट होतो. दुसरा सूटकेस गिळतो आणि सूटकेस होतो. तिसरा सूटकेस उचलतो, पासपोर्ट घेतो आणि विमानतळाकडे पळत सुटतो. आणखी एका ठिकाणी मजूर बियांपासून शेतात पिकवले जातात, ठराविक मुदतीचे.

सुरुवातीला मला हे सगळं जरा चलाख वाटलं. दुःखावर कसरती कशाला, असं वाटलं. काही कथा तशा आहेतही, कल्पना सुचली म्हणून लिहिलेल्या, पुढे कुठे न जाणाऱ्या. पण अ‍ॅनाची कथा वाचून झाल्यावर लक्षात आलं की यात खलनायक नाही. कुणी चाबूक मारत नाही. इमारत उभी राहतेय, माणसं पडताहेत, टेप संपत आलीय, उद्याची पाळी सहाला आहे. बेन्यामिनच्या अरबाबवर आपण संतापू शकतो. इथे कुणावर संतापायचं? टेबलावर? पासपोर्ट झालेला माणूस वाचताना मी हसलो नाही, कारण माझ्या टेबलात तो आधीपासून तसाच होता. मुदतीच्या माणसांबद्दल लिहायचं तर वास्तववाद अपुरा पडतो, असं मी सरसकट म्हणणार नाही. पण व्यवस्थेचं रोजचं, कंटाळवाणं, रीतसर चाललेलं रूप पकडायला उण्णीकृष्णन यांना हा वाकडा रस्ता घ्यावा लागला आणि बेन्यामिन यांचा सरळ रस्ता एका अपहरणापाशी जाऊन थांबला, हे खरं आहे.

बेन्यामिन यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून त्यांच्या पुढच्या एका कादंबरीबद्दल सांगायला हवं. ते १९९२पासून दोन दशकं बहारीनमध्ये होते. ‘जॅस्मिन डेज’ या त्यांच्या कादंबरीच्या शहनाझ हबीब यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाला २०१८चा, पहिलावहिला, जेसीबी पुरस्कार मिळाला. त्यात एका निनावी आखाती शहरात समीरा परवीन ही पाकिस्तानी तरुणी रेडिओ जॉकी आहे. तिचे वडील तिथल्या राजवटीच्या पोलीस दलात आहेत. अरब वसंताचे दिवस येतात आणि स्थानिक लोक, ज्यांना स्वतःच्याच देशात दुय्यम वागणूक मिळते, रस्त्यावर उतरतात. त्यांच्यावर लाठी उगारणारे हात बाहेरून आणलेल्यांचे आहेत. शहराचं नाव नाही, पण २०११मधलं बहारीन ओळखू येतं. समीराला तिच्या मित्राचं, अलीचं, म्हणणं पटतं आणि पटत नाही, कारण पटलं तर बापाच्या पगाराचं काय?

इथे स्थलांतराचा एक वेगळाच पेच समोर येतो, जो ‘आडुजीवितम’मध्ये नव्हता. अमिरातींत किंवा कतारमध्ये दहातले जवळजवळ नऊ रहिवासी परके आहेत. एवढे परके हवे तर असतात, पण नागरिक म्हणून नको असतात. मग त्यांना राजवटीच्या मर्जीवर ठेवावं लागतं. मर्जीवर असलेला माणूस स्थानिक असंतुष्टाच्या बाजूने कधीच उभा राहू शकत नाही, तो उलट बाजूला उपयोगी पडतो. अली आणि समीरा एकमेकांचे शत्रू नाहीत, त्यांना तसं उभं केलंय. कादंबरी म्हणून ‘जॅस्मिन डेज’ थोडी पसरट आहे. मधला कुटुंबाचा गोतावळा मला आवरला नाही, कोण कुणाचा काका हे दोनदा मागे जाऊन बघावं लागलं. तरी बेन्यामिन यांचं मोठेपण मला तिच्यात जास्त दिसतं. नजीब निरपराध होता. समीरा फायदा घेणारीही आहे.

माझ्या वाचनातल्या मराठी साहित्यात परदेश म्हणजे बहुतेक करून अमेरिका. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’पासून आपण त्या घराच्या या टोकाला बसलोय, पत्राची, फोनची, आता व्हिडिओ कॉलची वाट बघत. माझे निम्मे वर्गमित्र तिकडे आहेत. नोकरी गेली की ६० दिवसांत दुसरी शोधा नाहीतर निघा, हे त्यांनाही आहे, आणि २०२५च्या सप्टेंबरात नव्या एच-वन-बी अर्जावर १ लाख डॉलरची फी जाहीर झाली त्या रात्री आमच्या ग्रुपवर कुणी झोपलं नाही. तेही व्हिसाने मालकाशी बांधलेलेच. पण त्यांना कुणी रांगेत उभं करून ओळखायला येत नाही, एवढा फरक मी विसरत नाही. तो फरक आपल्या पासपोर्टवरच छापलेला असतो. १९८३च्या कायद्यानुसार दहावी न झालेल्याला आखातात कामाला जायला सरकारची वेगळी मंजुरी लागते, पदवीधराला लागत नाही.

मी खेड तालुक्यातला. आमच्या खाडीच्या पलीकडच्या मोहल्ल्यातलं एक घर असं नसेल, ज्यातलं कुणी कुवेत-सौदी-कतारला गेलं नाही. मुंबईला गेलेला तो चाकरमानी. सौदीला गेलेल्यासाठी आमच्याकडे शब्दच नाही, ‘बाहेर असतो’ म्हणतात. मल्याळममध्ये त्याला प्रवासी म्हणतात. आपल्याकडे प्रवासी म्हणजे एसटीतला. शब्द नाही आणि माझ्या माहितीत कादंबरीही नाही. असेल तर कुणीतरी मला जरूर सांगावी.

शाळेतल्या एका दोस्ताचे वडील २० वर्षं सौदीत ड्रायव्हर होते. गेल्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा ओटीवर बसून त्यांना ही सगळी गोष्ट सांगितली. शेळ्यांचं ऐकताना ते नुसतं ‘हां, हां’ करत होते, त्यांना त्यात नवल वाटलं नाही. परेडचं सांगितलं तेव्हा सरसावून बसले.

“तो दुसरा, ज्याला मालक घेऊन गेला,” त्यांनी विचारलं, “त्याचा पगार निघाला काय रे मागचा?”

“पुस्तकात नाही दिलेलं, चाचा.”

“तेच तर द्यायला हवं होतं,” ते म्हणाले आणि चहा आणायला आत हाक मारली.